खेळण्यातला ट्रक तापतो तेव्हा...

रेडिओ-नियंत्रित विजेचा ट्रक गवतात दहा मिनिटे पळवावा आणि त्याने अचानक मान टाकावी, हा अनुभव अनेक हौशी मंडळींना आला असेल. बॅटरी संपली, असे आपण समजतो. पुष्कळदा मात्र मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर तापलेला असतो आणि स्वतःच्या बचावासाठी त्याने वीज तोडलेली असते.

या कंट्रोलरमधील ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा विद्युतप्रवाह चालू-बंद करतात. त्यांचा रोध अत्यल्प असला, तरी त्यात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट! उंच गवत, वाळू, मोठी चाके आणि वेगाच्या हौसेपायी मोटरच्या दांड्यावर बसवलेले मोठे दंतचक्र, ही सारी प्रवाह वाढवणारी कारणे.

म्हणूनच पंखा विकत घेण्यापूर्वी हे दंतचक्र एक-दोन दात्यांनी लहान करून पाहावे. वेग थोडा घटतो, पण तापमान उतरते. पंखा निरुपयोगी नव्हे. परंतु प्लास्टिकच्या बंदिस्त टपाखाली तो तीच गरम हवा फिरवत राहतो. टपाच्या मागील बाजूस हवेला वाट हवी. (तेथून चिखल आत येणार, हेही ओघाने आलेच!)

कंट्रोलर निदान थांबतो तरी. मोटरमधील साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे चुंबकत्व कायमचे गमावू लागतात. लिथियम-पॉलिमर बॅटरी तर ६० अंशांपुढे जाऊच देऊ नये; ती फुगते, प्रसंगी पेटतेही. तेव्हा मोटरला हात लावणे सोसवत नसेल, तर दुसरी बॅटरी जोडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे थांबावे.