सर्वकालीन बेसबॉल संघाची निवड

आपल्याकडे चार क्रिकेटप्रेमी एकत्र जमले, कीं सर्व काळांतील उत्तम अकरा गडी कोणते, हा वाद हटकून निघतो, आणि बहुधा चहाच्या पेल्याबरोबर संपतो. अमेरिकेंतील बेसबॉलच्या शौकिनांनीं याच वादाला नियम लावून त्याचा एक स्वतंत्र खेळ बनविला आहे. १९६१ मध्यें हॅल रिचमन या तरुणानें स्ट्रॅट-ओ-मॅटिक नांवाचा फाशांचा व पत्त्यांचा खेळ बाजारांत आणला. त्यांतील प्रत्येक पत्त्यावर एका खऱ्या खेळाडूच्या कामगिरीचें गणित मांडलेलें असे. १९८० मध्यें डॅनिअल ओक्रेंट व त्याचे मित्र यांनीं न्यूयॉर्कमधील एका फ्रेंच उपाहारगृहाच्या नांवावरून ‘रोटिसरी लीग’ सुरू केली, आणि कल्पित संघांचा हा शौक पुढें देशभर पसरला. हयात व दिवंगत अशा सर्व खेळाडूंना त्यांच्या ऐन उमेदीच्या वयांत एका मैदानावर आणून उभें करावयाचें, आणि त्यांतून आपला संघ भरावयाचा, हा त्याचाच एक प्रकार होय.

समजा, आठ मित्र बसले आहेत. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. पहिल्या फेरींत एकापासून आठापर्यंत आणि दुसऱ्या फेरींत उलट आठापासून एकापर्यंत, अशी नागमोडी पाळी चालते. ज्याचा पहिला क्रमांक, त्याला हवा तो खेळाडू मिळतो. पण त्याची दुसरी पाळी येईपर्यंत चौदा खेळाडू हातचे गेलेले असतात. एकानें उचललेला खेळाडू दुसऱ्यास मिळत नाहीं.

येथें नवशिका हमखास फसतो. बेसबॉलचा संघ नऊ जणांचा. चेंडू टाकणारा तो पिचर. फलंदाजाच्या पाठीमागें मुखवटा घालून उकिडवा बसणारा तो कॅचर. चौघे बेसच्या आसपास आणि तिघे दूर मैदानांत. दूरच्या मैदानांत खेळणारे थोर फलंदाज उदंड आहेत : बेब रूथ, टाय कॉब, टेड विल्यम्स, विली मेज, हँक आरन, मिकी मँटल. एक गेला, तर दुसरा त्याच तोलाचा मिळतो. दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मध्यें उभा राहणारा शॉर्टस्टॉप मात्र तसा नव्हे. त्या जागेला विलक्षण चपळाई लागते, आणि एवढा चपळ माणूस फलंदाजींतहि अव्वल असणें दुर्मिळ. म्हणून जाणता निवडणारा नांवाची थोरवी पाहत नाहीं. त्या जागेचा पहिला आणि दुसरा यांच्यांत अंतर किती, तें पाहतो. होनस वॅग्नर हा शॉर्टस्टॉप १८९७ ते १९१७ पर्यंत खेळला आणि त्यानें आपल्या लीगमध्यें आठ वेळां फलंदाजीचा पहिला क्रमांक मिळविला. १९३६ मध्यें कीर्तिमंदिराची पहिली निवडणूक झाली, तेव्हां त्याला बेब रूथइतकींच, म्हणजे २१५ मतें पडलीं. परंतु १९९९ मध्यें शतकाचा संघ निवडण्यासाठीं लोकमत घेतलें, त्यांत वॅग्नर मागें पडला. त्याला समितीनें मागाहून आंत घेतलें. लोकांनीं ज्याला पाहिलेलें नसतें, त्याला ते सहज विसरतात.

यापुढचा प्रश्न अधिक बिकट आहे. निरनिराळ्या काळांतील आंकडे एकाच तराजूंत घालावयाचे कसे? बेसबॉलमध्यें फलंदाजाची सरासरी हजारीं सांगतात. दर हजार संधींत ज्याचे ३०० फटके यशस्वी होतात, तो उत्तम फलंदाज. आतां १९०८ सालीं वॅग्नरची सरासरी होती ३५४. हा आंकडा मोठा खराच; पण त्याच्या लीगची एकंदर सरासरी त्या वर्षीं अवघी २३९ होती, हें कळल्यावांचून त्याचें खरें मोल समजत नाहीं. होम रनचेंहि तसेंच. फ्रँक बेकर यानें १९११ मध्यें अकरा होम रन मारले आणि तेवढ्यावर तो आपल्या लीगमध्यें पहिला आला; त्याला लोक ‘होम रन बेकर’ म्हणूं लागले! पुढें १९२० मध्यें रूथनें एकट्यानें ५४ मारले. त्याच्या लीगमधील दुसऱ्या एकाहि संघाला सर्व गडी मिळून तितके मारतां आले नाहींत. याच्या उलट १९६८ मध्यें पिचर मंडळींनीं फलंदाजांना इतकें जखडून टाकलें, कीं बॉब गिब्सननें दर नऊ डावांमागें सरासरी १.१२ धांवाच दिल्या. दुसऱ्याच वर्षीं पिचरच्या उंचवट्याची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणण्यांत आली. तेव्हां खेळाडूला त्याच्या समकालीनांशीं ताडून पाहावें, आणि मगच दुसऱ्या काळांतल्या माणसाशेजारीं उभें करावें, हाच मार्ग त्यांतल्या त्यांत न्याय्य होय. टेड विल्यम्सचे १९४३ ते १९४५ हे तीन हंगाम युद्धसेवेंत गेले. ते त्याच्या पदरांत घालावयाचे कीं नाहीं, हें मित्रांनीं आधींच ठरवून घ्यावें, नाहींतर भांडण ठरलेलें.

पण समकालीन कोण, हाच जेथें प्रश्न होता, तेथें काय करावयाचें? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत प्रमुख लीगमध्यें कृष्णवर्णी खेळाडूला प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम कोठेंहि नव्हता. मालकांची आपसांतली समजूत पुरेशी होती. या खेळाडूंसाठीं रूब फॉस्टरनें १९२० मध्यें निग्रो नॅशनल लीग स्थापिली. त्या जगांतला जॉश गिब्सन हा कॅचर अचाट फलंदाज होता. १९४७ च्या जानेवारींत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं तो वारला. अवघ्या तीन महिन्यांनीं, १५ एप्रिल रोजीं, जॅकी रॉबिन्सन प्रमुख लीगच्या मैदानावर उतरला.

अभ्यासकांनीं वर्षानुवर्षें जुनीं वृत्तपत्रें चाळून त्या सामन्यांचे आंकडे गोळा केले. डिसेंबर २०२० मध्यें १९२० ते १९४८ पर्यंतच्या सात निग्रो लीगना प्रमुख लीगचा दर्जा देण्यांत आला. मे २०२४ मध्यें ते आंकडे अधिकृत नोंदींत सामील झाले. गिब्सनची सरासरी ठरली ३७२. कॉबची ३६७ ही सरासरी, जी पिढ्यान्‌पिढ्या सर्वोच्च मानली गेली होती, ती दुसऱ्या क्रमांकावर गेली.

यावर आक्षेप निघाले, आणि ते सारेच पोकळ नव्हते. कॉबच्या फलंदाजीच्या संधी अकरा हजारांहून अधिक. गिब्सनच्या नोंदलेल्या संधी त्याच्या चतुर्थांशाहूनहि कमी. थोड्या सामन्यांत सरासरी उंच राहणें सोपें असतें, हें शाळकरी मुलालाहि कळतें. परंतु गिब्सनचे सामने थोडे कां, याचें उत्तर आक्षेपकांच्या तोंडून सहसा येत नाहीं. शिवाय कॉबला किंवा रूथला आपल्या लीगमध्यें एकदांहि कृष्णवर्णी पिचरसमोर उभें राहावें लागलें नाहीं. मग त्यांचे आंकडे तरी पुरते कसे म्हणावे? वहीचें एक पान फाटलेलें असलें, तर दुसऱ्या पानावरील बेरीजहि संशयास्पदच. १९९९ च्या त्या शतकाच्या संघांत तीस नांवें होतीं. ज्याची कीर्ति मुख्यतः निग्रो लीगमधील खेळावर उभी होती, असें त्यांत एकहि नव्हतें.

तेव्हां आपल्या आठ मित्रांच्या बैठकींत पहिल्या क्रमांकाच्या माणसानें रूथ उचलावा, हेंच शहाणपणाचें. त्यानें ७१४ होम रन मारले, आणि शिवाय पिचर म्हणून ९४ सामने जिंकले; एकाच पाळींत दोन कामांचा माणूस मिळतो. दुसऱ्यानें मात्र मेज व कॉब यांच्या मोहांत न पडतां गिब्सन घ्यावा. कॅचरच्या जागेस जॉनी बेंच व योगी बेरा हे उत्तम आहेत, पण फलंदाजींत त्यांच्यापैकीं कोणीहि गिब्सनच्या जवळपास येत नाहीं. तिसऱ्याला वॅग्नर.

पिचर पुष्कळ आहेत. ४१७ सामने जिंकणारा वॉल्टर जॉन्सन पहिल्या फेऱ्यांतच जाईल. घोटाळा होतो तो सॅचेल पेजच्या वेळीं. त्याला प्रमुख लीगचें दार उघडलें १९४८ मध्यें, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं. त्या हंगामांत त्यानें सहा सामने जिंकले, एक हरला. १९६५ मध्यें, एकोणसाठाव्या वर्षीं, कॅन्सस सिटीकडून त्यानें तीन डाव टाकले आणि एकहि धांव दिली नाहीं. हा म्हातारपणचा पेज. पंचविशींतला पेज कसा होता, तें धूळभरल्या मैदानांवर, गांवोगांव हिंडतांना, पुष्कळदां गुणलेखकावांचूनच दिसलें. त्याची पाळी आली, कीं मित्रांपैकीं कोणी तरी विचारतोच, कीं याचा पत्ता कोणत्या वर्षाचा धरावयाचा. आणि मग बैठक लांबते.