कमावत्या हातांची शाळा – लेखांक ९ : पार्लरचा कोर्स, महिने आणि तास

शिवणक्लासवरचा गेल्या आठवड्याचा लेख वाचून जे फोन आले, त्यांतले बरेचसे शिवणाबद्दल नव्हतेच. ते पार्लरच्या कोर्सबद्दल होते. पाथर्डी तालुक्यातल्या एका आईंनी विचारलं, "ताई, पोरगी बारावी झाली. नगरला सावेडीत तीन महिन्यांचा कोर्स आहे, पैसे भरून. आणि बँकेचा एक आहे, महिनाभराचा, फुकट. तीन महिने म्हणजे जास्त शिकवत असतील ना? फुकटातलं ते कमीच असणार."

त्यांना म्हटलं, महिने बाजूला ठेवा, आपण तास मोजू. तीन महिने, आठवड्याला सहा दिवस, रोज दोन तास : झाले १५६ तास. त्यातून सणवार आणि शिकवणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या ब्रायडल ऑर्डरींचे दिवस वजा करा. दुसरीकडे बँकेचा निवासी वर्ग. सकाळी सुरू होतो, संध्याकाळी संपतो. रोजचे आठ तास धरले आणि महिन्यातले रविवार सोडून दिले, तरी दोनशेच्या वर जातो. म्हणजे एक महिना तीन महिन्यांपेक्षा मोठा निघाला. आई क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "हे असं कुणी सांगितलंच नाही."

पण तासही अर्धंच सांगतात. त्या तासांत मुलीचा हात किती वेळ चालला, हा खरा प्रश्न. वर्गात वीस मुली, एक खुर्ची, खुर्चीवर एक मॉडेल, आणि बाई फेशियलचे स्ट्रोक दाखवताहेत. त्या वीसजणी काय करतात? मोबाइलवर व्हिडिओ काढतात. बघून कळतं, हाताला येत नाही. थ्रेडिंगच घ्या. दोऱ्याचं एक टोक दातात, उरलेला दोरा दोन्ही हातांत, मध्ये पीळ, आणि तो पीळ केसाच्या मुळाशी नेमक्या ताणाने फिरवायचा. ताण कमी पडला तर केस मधेच तुटतो, जास्त झाला तर कातडी चिरते. म्हणून चांगल्या बाई मुलीला पहिले काही दिवस भुवईला हात लावू देत नाहीत. स्वतःच्या पायावरच्या केसांवर दोरा फिरवायला लावतात. पुढे मैत्रिणीचे हात, मग अपर लिप, आणि शेवटी भुवई. भुवई चुकली तर ती बाई तीन-चार आठवडे घराबाहेर पडताना पदर पुढे ओढते, हे शिकवणाऱ्याला ठाऊक असतं.

माझ्या मावसबहिणीने काही वर्षांपूर्वी असाच एक कोर्स केला. पैसे भरून, आईची अंगठी मोडून. 'बेसिक टू अ‍ॅडव्हान्स' असं नाव होतं. संपताना फ्रेम केलेलं सर्टिफिकेट मिळालं, फोटो काढला. गावी येऊन तिने पहिली गिऱ्हाईक बसवली तेव्हा तिच्या लक्षात आलं की पूर्ण हेअरकट आपण आयुष्यात दोनदाच केलाय, एकदा डमीवर आणि एकदा वर्गमैत्रिणीवर. ती फ्रेम अजून भिंतीवर आहे. तिला ती बघवत नाही. हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने लिहिते, त्यामागे ती अंगठी आहे.

आपल्याकडे पार्लर उघडायला कौशल्याचा परवाना लागत नाही, हेही लक्षात घेतलं पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार थोडीच माणसं कामाला असतील तर नुसती सूचना द्यायची असते. हाताला काम येतं की नाही, ते कुणी तपासत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात फक्त त्वचेचं काम करायचं म्हटलं तरी ६०० तासांचं शिक्षण आणि वर परीक्षा लागते, तेव्हा कुठे परवाना मिळतो. 'सिडेस्को' ही १९४६ साली युरोपात स्थापन झालेली, झुरिकमध्ये मुख्यालय असलेली संस्था. तिची सौंदर्यशास्त्राची पदविका १२०० तासांच्या शिक्षणाशिवाय मिळत नाही. आपल्या पोरींनी तेवढं करावं असं माझं म्हणणं नाही. पण 'सात दिवसांत प्रोफेशनल' ही पाटी वाचताना हे आकडे मनात असू द्यावेत. कायदा अडवत नसल्यामुळे निवडीची जबाबदारी सगळी मुलीवर आणि तिच्या आईवर येऊन पडते.

आणि हे काम वाटतं तितकं वरवरचं नाही. रिबाँडिंगमध्ये काय होतं ते कोर्समध्ये कुणी समजावून सांगतं का, हे जरूर विचारा. केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याच्या साखळ्यांमध्ये गंधकाचे बंध असतात. केस कुरळा की सरळ, ते या बंधांवर ठरतं. पहिलं क्रीम, बहुधा थायोग्लायकोलेटचं, हे बंध तोडतं. मग इस्त्रीने केस सरळ करायचा. नंतर न्यूट्रलायझर लावून बंध नव्या जागी पुन्हा जोडायचे. पहिलं क्रीम किती मिनिटं ठेवायचं, हे डब्यावर लिहिलेलं असतं. पण डब्याला समोरच्या बाईचा केस माहीत नसतो. मध्ये मध्ये एक बट हातात घेऊन हलकेच ताणून बघायची असते. किती ताणल्यावर थांबायचं, ते बोटांना कळावं लागतं, आणि बोटांना ते जाणत्या बाईच्या शेजारी उभं राहूनच कळतं. थोडा उशीर झाला की केस विंचरताना हातात येतो.

आपल्या भागात आणखी एक भानगड आहे. बहुतेक घरांत केसांना मेंदी लावतात. नुसती पाल्याची असेल तर ठीक, पण बाजारातल्या काही पाकिटांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात. अशा केसांवर हेअर कलरमधलं पेरॉक्साइड लागलं की केस गरम होतो, तुटतो. काळ्या मेंदीत बऱ्याचदा पीपीडी नावाचं रंगद्रव्य असतं, त्याची अनेकांना अ‍ॅलर्जी असते. डोळे-तोंड सुजून दवाखाना गाठावा लागतो. म्हणून रंग लावण्याच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून बघायचा. पेरॉक्साइडच्या बाटलीवरचं १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम म्हणजे अनुक्रमे ३, ६, ९ आणि १२ टक्के, हे ज्या कोर्समध्ये सांगत नाहीत तिथे रंगकाम शिकवतात असं मी मानत नाही. वॅक्सिंगचंही तसंच. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असलेल्या मुलीला वॅक्स केलं तर पट्टीबरोबर कातडी सोलून निघू शकते. 'सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का गं?' हा प्रश्न विचारायला शिकवणं हाही अभ्यासक्रमच आहे.

स्वच्छतेबद्दल मी फार काटेकोर आहे, आणि तुम्हीही व्हा. वर्ग बघायला गेलात की दोऱ्याकडे बघा. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा दोरा घेतात का? दातात धरण्याऐवजी दोरा गळ्यात अडकवायला शिकवत असतील तर अधिक चांगलं. वॅक्स लावायची सुरी एकदा अंगाला लावून पुन्हा त्याच डब्यात बुडवतात का? कोपऱ्यात निळा दिवा असलेली पेटी असते, तिला बऱ्याच ठिकाणी 'स्टरिलायझर' म्हणतात. ती पेटी धुतलेली हत्यारं स्वच्छ ठेवायला बरी, पण न धुतलेलं हत्यार तिच्यात ठेवून निर्जंतुक होत नाही. उजेड जिथे पोचत नाही त्या बाजूचे जंतू तसेच राहतात. हत्यार आधी साबणपाण्याने घासायचं, मग निर्जंतुक करायचं. हे ज्या बाई न विचारता सांगतील, त्यांच्याकडे मुलगी पाठवायला हरकत नाही.

आता भिंतीवरच्या सर्टिफिकेटांविषयी. 'सरकारमान्य' या शब्दाखाली काय काय खपतं ते पाहा. 'आयएसओ'चा शिक्का संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीला मिळतो, तुमच्या मुलीच्या हाताला नाही. 'एमएसएमई' किंवा 'उद्यम' नोंदणी म्हणजे व्यवसायाची नोंद, ती किराणा दुकानालाही मिळते. त्यात खोटं काही नसतं, पण त्याला कोर्सची मान्यता म्हणणं चूक आहे. खरी चौकट वेगळी आहे. राष्ट्रीय पातळीवर कौशल्यांचे स्तर ठरवलेले आहेत, त्यावर एनसीव्हीईटी ही केंद्राची परिषद देखरेख करते. सौंदर्यक्षेत्राची स्वतंत्र कौशल्य परिषद आहे आणि तिच्या प्रत्येक कामाला एक क्रमांक असतो, सुरुवात 'बीडब्ल्यूएस' या अक्षरांनी. सहायक ब्युटी थेरपिस्ट हा तिसरा स्तर, ब्युटी थेरपिस्ट चौथा. परीक्षा शिकवणारी संस्था घेत नाही, बाहेरचा परीक्षक घेतो. राज्याचं कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळही मान्यताप्राप्त संस्थांमार्फत असे अभ्यासक्रम चालवतं. तेव्हा विचारायचं ते इतकंच : परीक्षा कोण घेणार, आणि सर्टिफिकेटवर क्रमांक कोणता असणार?

आपल्या जिल्ह्यात काय सापडेल? नकाशावर अहिल्यानगर, म्हणजे आपलं नगर, राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, चौदा तालुके. अकोले तालुक्यातल्या मुलीला नगर गाठायचं म्हणजे जाऊन-येऊन दिवस गेला. म्हणून निवासी वर्गाला इथे जास्त किंमत आहे. त्या पाथर्डीच्या आईंनी 'बँकेचा' म्हणून सांगितला तो आरसेटीचा, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचा. ही कल्पना मूळ कर्नाटकातली. १९८२ साली धर्मस्थळाचे धर्माधिकारी वीरेंद्र हेगडे यांनी सिंडिकेट आणि कॅनरा बँकेला बरोबर घेऊन उजिरे गावात पहिली संस्था काढली, आणि पुढे केंद्राने तोच नमुना देशभर नेला. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेने ती चालवायची, आणि आपली अग्रणी बँक आहे सेंट्रल बँक ऑफ इंडिया. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं मोफत. आणि मला जे सगळ्यात मोलाचं वाटतं ते कोर्सनंतरचं : संस्थेने पुढची दोन वर्षं मुलीच्या मागे राहायचं, कर्जासाठी बँकेत हात धरून न्यायचं, असा नियमच आहे. ही दोन वर्षं मागून घ्या, हक्काने मागा. गावात 'उमेद'चा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा, बचत गट असेल तर गटाच्या ताईंकडून नाव पुढे जाऊ शकतं.

शाळा लवकर सुटलेल्यांसाठी जन शिक्षण संस्थानाची योजना आहे. १९६७ साली मुंबईत कामगारांसाठी सुरू झालेल्या श्रमिक विद्यापीठाचं ते आजचं रूप. दहावी झालेल्या आणि वर्षभर देऊ शकणाऱ्या मुलीने आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड कुठे आहे याची चौकशी करावी. तो 'शॉर्ट कोर्स' नाही, पण वेळ असेल तर माझं मत त्याच बाजूला झुकतं. ज्या घरात केशकर्तनाचं काम आधीपासूनच हाताने चालतं, त्यांना २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत काही दिवसांचं प्रशिक्षण, रोजचा ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे.

खासगी कोर्सही चांगले असतात, हे मी मुद्दाम लिहिते. काही बाई दहा मुलींपलीकडे अकरावी घेत नाहीत आणि सगळ्या पोरींना आपल्या खुर्चीशेजारी उभं करतात. त्यांना पैसे द्यायला हरकत नाही. पण फीमध्ये किट येतं की वेगळं, आणि मॉडेल मुलीनेच आणायची का, हे आधी विचारा. शिकलेल्या दोन मुलींचे पत्ते मागा. त्यांच्या गावी जाऊन त्यांची खुर्ची बघून या. तीन तासांच्या 'सेमिनार'ना, जिथे मुंबईहून आलेल्या कलाकार मंचावर एका नवरीला सजवतात, नंतर जा. हातात काम आलेलं असेल तर तिथून चार गोष्टी उचलता येतात. बोटॉक्स, फिलर अशी सुयांची कामं शिकवणारा 'शॉर्ट कोर्स' कुणी देऊ केला तर तिथून उठून या. ते डॉक्टरांचं काम आहे.

आधी मेकअप शिकू का, असं मुली फार विचारतात. गावात बसणार असाल तर आधी भुवई आणि वॅक्स. नवरी एकदाच येते, भुवईची बाई दर महिन्याला येते. तिच्या पैशातून भाडं निघतं. नवरीचं काम शिका, जरूर शिका, पण ते नगरच्या नवरीचं शिका : नऊवारी नेसवणं, मुंडावळ्या हेअरस्टाइलवर अशा बसवणं की अक्षता पडेपर्यंत हलू नयेत, नथ टोचत असेल तर काय करायचं, आणि वैशाखात पत्र्याच्या मंगल कार्यालयात दुपारी साडेबारापर्यंत टिकणारा बेस. वर्ग निवडताना महिनाही बघा. चातुर्मासात लग्नं नसतात. जुलैच्या सुमाराला शिकायला बसलेली मुलगी तुळशीच्या लग्नापर्यंत तयार होते, आणि मग तो सगळा हंगाम एखाद्या जाणत्या ब्युटिशियनबरोबर मदतनीस म्हणून काढता येतो. पहाटे चारला उठून साड्यांच्या पिना लावण्यात गेलेले ते सहा महिने मला कुठल्याही अ‍ॅडव्हान्स कोर्सपेक्षा मोठे वाटतात.

पाथर्डीच्या आईंना मी एकच सांगितलं होतं : पैसे भरण्याआधी मुलीला वर्गात एक दिवस नुसतं बसू द्या, आणि तिला मोजायला सांगा. परवा मुलीचाच फोन आला. दोन तासांत अठरा मुलींपैकी चौघींच्या हातात दोरा आला, बाकीच्या बघत होत्या, असं तिने वहीत लिहून ठेवलं होतं. तिने आरसेटीला नाव दिलंय. बॅच सुरू होईपर्यंत घरीच दोरा फिरवतेय. स्वतःच्या पायांवरचे केस संपले, म्हणाली, आता आईचे पाय घेतलेत.