पाच वॅटमध्ये सातासमुद्रापार

‘क्यूआरपी’ हा हौशी रेडिओवाल्यांच्या तोंडी रोज असणारा शब्द मुळात जहाजांवरच्या बिनतारी यंत्रणेतून आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तारखात्याच्या धर्तीवर जे क्यू-संकेत ठरले, त्यांत ‘क्यूआरपी’चा अर्थ होता ‘प्रक्षेपणाची शक्ती कमी करा’. आज तो एका छंदाचेच नाव झाला आहे. मोर्समध्ये ५ वॅट आणि आवाजाने बोलताना १० वॅट, ही त्याची सर्वसाधारण मर्यादा. घरातला साधा एलईडी दिवा ९ वॅटचा असतो, म्हणजे मोर्सवाला त्याहूनही कमी शक्तीत मुंबईहून लंडन गाठू पाहतो.

हे जमते, कारण एवढ्या लांबच्या प्रवासाचे ओझे यंत्रावर नसते. जमिनीपासून साधारण २०० ते ४०० किलोमीटरवर सूर्यकिरणांमुळे विद्युतभारित झालेल्या हवेचा थर असतो. लघुलहरी त्यावर वळून पुन्हा जमिनीकडे येतात आणि एका उडीत ३,००० किलोमीटरपर्यंत सहज पोहोचतात. मुंबई-लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे तीनेक उड्या. थर पुरेसा विद्युतभारित असेल तर ५ वॅटही पोहोचतात, नसेल तर ५०० वॅटही व्यर्थ जातात. सूर्यावरच्या डागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे असते. ते भरात असले की १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झचे पट्टे जिवंत होतात आणि अल्पशक्तीवाल्यांचे दिवस येतात.

आता शक्तीचा हिशेब. रेडिओच्या संचावर आलेल्या संकेताचा जोर ‘एस’ या मापात दाखवतात. एक एस वाढवायचा तर शक्ती चौपट करावी लागते. म्हणून १०० वॅट २५ वर आणले की एक एस उतरतो आणि २५ चे सव्वासहा केले की दुसरा. १०० वॅटचा संकेत समोर ७ एस वाजत असेल, तर ५ वॅटचा तोच संकेत ५ च्या किंचित खाली वाजेल. मोर्समध्ये समोरचा माणूस ‘५७९’ ऐवजी ‘५५९’ पाठवील, एवढाच फरक. पहिला आकडा समजण्याचा, दुसरा जोराचा, तिसरा सुराच्या स्वच्छतेचा. पहिला पाच तसाच राहतो, याचा अर्थ प्रत्येक अक्षर कळले आहे. वीसपट शक्ती गमावून नुकसान इतकेच होते, हे नवशिक्याला पटायला वेळ लागतो.

ते नुकसान भरून काढण्याची पहिली जागा म्हणजे एरियल. १४ मेगाहर्ट्झसाठी तांब्याची तार सुमारे १०.२ मीटर लागते. ती मधोमध कापून दोन सारखे तुकडे करायचे आणि मध्यावर केबल जोडायची, की डायपोल तयार. ती दहा मीटर उंच, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीइतक्या उंचीवर ताणली, तर लहरी क्षितिजाजवळून निघतात आणि उड्या लांब पडतात. तारेच्या टोकांच्या दिशेला संकेत क्षीण असतो. महाराष्ट्रातून युरोप वायव्येला येतो, म्हणून तार नैर्ऋत्य-ईशान्य बांधावी. दुसऱ्या अंगाला ऑस्ट्रेलियाही सापडतो. शहरात चार्जर आणि दिव्यांचा विद्युत गोंगाट कमजोर संकेत गिळतो. बॅटरीवर चालणारा छोटा संच घेऊन एखाद्या मोकळ्या डोंगरावर गेले, की हा गोंगाट ओसरतो.

दुसरी जागा म्हणजे मोर्स. आवाजाला सुमारे अडीच किलोहर्ट्झ रुंदी लागते, मोर्सला दीडशे हर्ट्झच्या आसपास. शक्ती तेवढ्या चिंचोळ्या पट्टीत एकवटते आणि कान गाळणीचे काम करतो. तिसरी जागा म्हणजे धीर. अल्पशक्तीवाला स्वतः हाका मारत बसत नाही. तो आधी ऐकतो, जोरात वाजणारे केंद्र निवडतो आणि त्याच्याभोवतीची गर्दी क्षणभर ओसरली की आपले नाव एकदाच, स्वच्छ पाठवतो. १४.०६० मेगाहर्ट्झवर अशीच मंडळी भेटतात.

संगणकाने ही कला आणखी पुढे नेली. पल्सरवरच्या संशोधनासाठी १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे जोसेफ टेलर स्वतः हौशी रेडिओचे चाहते. गोंगाटात बुडालेले संकेत शोधण्याची हातोटी त्यांनी छंदाकडे वळवली. त्यांच्या ‘विस्पर’ पद्धतीत मोजकी माहिती जवळजवळ दोन मिनिटे हळूहळू पाठवली जाते, म्हणून कानाला न जाणवणारा संकेतही वाचता येतो. काही मिलिवॅटचे प्रक्षेपक लावलेले फुगे याच पद्धतीने आपला ठावठिकाणा कळवत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले आहेत.

अल्पशक्तीच्या कामगिरीला मापही आहे. एका वॅटमागे १,००० मैल, म्हणजे १,६०९ किलोमीटर साधणाऱ्याला अमेरिकेतला क्यूआरपी क्लब प्रमाणपत्र देतो. मुंबई-लंडनसाठी ते हवे, तर शक्ती साडेचार वॅटच्याही खाली आणावी लागेल.

भारताचा या छंदाला मोठा हातभार आहे. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी ‘बिटएक्स’ हा संच बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून उभा केला. गुंडाळीसाठी महागडी कडी मिळेनात, तर नळाचे वायसर वापरले. त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला आहे आणि जगभरच्या हौशी मंडळींनी तो घरी जोडला.

अधिक शक्तीच्या संचासाठी पैसे साठवत बसण्यापेक्षा चांगली तार उंच बांधणे शहाणपणाचे. मात्र, संच कितीही छोटा असला, तरी प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावाच लागतो.