दोन ओळींची कैफियत

क्रांती चौकातून जालना रस्त्याने चिकलठाण्याच्या दिशेने निघाले म्हणजे मोटारींची जी काचेची दालने लागतात, त्यांच्या झगमगाटात एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती ही, की ज्या रस्त्यावर मोटार विकत घेण्याचा सोहळा चालतो, त्याच रस्त्यावर उच्च न्यायालयाचे, १९८१ साली ह्या शहरात सुरू झालेले खंडपीठही उभे आहे. छत्रपती संभाजीनगर हे मोटारींचे मोठे शौकीन शहर. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या हौशी मंडळींनी एकजूट करून एका दमात दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या, सुमारे ६५ कोटी रुपयांचा तो सौदा देशभर गाजला, आणि वाळूजला बजाजच्या दुचाक्या व शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी घडविणाऱ्या ह्या गावाला आपल्या ऐपतीचा नवाच दाखला मिळाला. परंतु हार घातलेल्या गाडीपुढे सहकुटुंब उभे राहून काढलेल्या छायाचित्रात जो आनंद दिसतो, त्याचे त्याच दालनाच्या मागल्या अंगाला, वर्कशॉपच्या काउंटरवर, चारपाच वर्षांनी काय होते, ह्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही.

माझी गाडी मर्सिडीज नव्हे. आठ वर्षे वापरलेली एक लहानशी हॅचबॅक. मार्चअखेरीस तिचे इंजिन तापू लागले. मी ती जिथून घेतली त्या दालनाच्या वर्कशॉपात नेली आणि सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून जो तरुण समोर बसला होता, त्याला सारा वृत्तान्त दहा मिनिटे सांगितला: एसी लावून चढावर गेले की काटा वर सरकतो, अर्ध्यापाऊण तासाने गोडसर वास येतो, सकाळी गाडीखाली हिरवट थेंब दिसतात. त्याने मान डोलवीत सर्व ऐकून घेतले आणि संगणकावर टंकलिखित केले, ‘कूलंट कमी. तपासणे.’ छापून आलेल्या जॉबकार्डावर त्याने फुली मारून दाखविली तिथे मी, चष्मा घरी राहिला असल्याने, न वाचता सही केली. दोन दिवसांनी गाडी मिळाली. बिल ११,४८० रुपयांचे, त्यात वॉटर पंप, वरचा होज पाइप, कूलंट आणि लेबर. जुने पार्ट मागितले तर उत्तर आले, “काका, ते स्क्रॅपला गेले.”

बाराव्या दिवशी पैठण रस्त्याला, बिडकीन मागे टाकून चारसहा किलोमीटर गेलो असेन, तोच काटा लाल खुणेला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागली. बिडकीनहून एक उस्ताद मोटारसायकलवर आले. त्यांनी घाई केली नाही. गाडी सावलीला ढकलून घेतली, इंजिन निवेपर्यंत विडी ओढली, मग बॉनेट उघडून अंगठ्याने तो होज पाइप दाबून पाहिला. रबर इतके कडक झाले होते की दाबल्यावर त्यावर बारीक चिरा उमटल्या. “क्लॅम्प नवा डाले साब,” ते म्हणाले, “पायप तो वोइच है.” मी त्यांना म्हटले, आता तुम्हीच बदलून टाका. त्यावर त्यांनी दोन्ही हात मागे घेतले: “मैं हात नहीं लगाता. कल को बोलेंगे, तुम बाहर खुलवाए.” त्यांच्याच सांगण्यावरून मी पाइपाचे, क्लॅम्पचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढले, टो करणाऱ्याला बोलाविले आणि त्याची पावती जपून ठेवली. विधिशास्त्राच्या वर्गात जे शिकायला एक सत्र लागावे, ते मला त्या लिंबाच्या झाडाखाली पाऊण तासात शिकायला मिळाले.

कारण अशा तंट्यात पहिला बचाव ठरलेलाच असतो: गाडी बाहेर उघडली गेली, सबब आमची जबाबदारी संपली. बाहेरच्या गॅरेजची ही भीती ग्राहकाच्या मनात किती पद्धतशीर रुजविलेली आहे, हे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुटे भाग व तांत्रिक माहिती स्वतंत्र कारागिरांपर्यंत पोहोचू न दिल्याबद्दल सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यावरून कळावे. त्या दंडावर पुढे अपिले झाली, तो भाग निराळा. पण उस्ताद हात का मागे घेतात ह्याचे उत्तर त्या निकालात सापडते.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपात गेलो तेव्हा माझ्या एका स्नेह्याचा सल्ला खिशात होता. तो असा, की नवी गाडी मागा आणि मानसिक त्रासाचे पाच लाख मागा, म्हणजे निदान काहीतरी पदरात पडेल. हा सल्ला आपल्याकडे इतका सार्वत्रिक आहे, आणि तो मानून लोक इतके नाडले जातात, की त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे अगत्याचे वाटते. मोटारीच्या तक्रारीत दोन अगदी भिन्न गोष्टी एकत्र कालवल्या जातात. एक, गाडी कारखान्यातूनच सदोष निघाली, म्हणजे उत्पादनदोष. दुसरी, गाडी ठीक होती वा सामान्य झिजेने बिघडली, पण दुरुस्ती नीट झाली नाही, म्हणजे सेवेतील त्रुटी. पहिली सिद्ध करावयास तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि तो मिळाला तरी दोष मुळातला आहे हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली क्लचच्या तक्रारीवरून उद्भवलेल्या एका खटल्यात, खालच्या आयोगांनी गाडी बदलून देण्याचा दिलेला हुकूम उचलून धरला नाही. हमीपत्राने कंपनी सदोष भाग दुरुस्त करण्यास वा बदलण्यास बांधलेली आहे, सबंध गाडी बदलण्यास नव्हे, असे ठरविले. २०१० साली फियाट गाडीच्या दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने आधी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करविण्यास सांगितले आणि मूळचा दोष निघाला तरच पैसे परत, अशी अट घातली. गाडीच बदलून मागणारा मनुष्य अशा रीतीने आपल्याच खांद्यावर पुराव्याचे मोठे ओझे घेतो. होज पाइपाचे पैसे घेतले आणि पाइप बदलला नाही, एवढेच म्हणणाऱ्याला मात्र एक बिल आणि एक फोटो पुष्कळ होतो.

दाद कोणाविरुद्ध मागावी, हाही प्रश्न असाच. विक्रेता कंपनीकडे बोट दाखवितो, कंपनी विक्रेत्याकडे. गोव्यातील एका गृहस्थांना २०११ सालची नवी गाडी हवी होती आणि पदरात पडली ती २००९ च्या बनावटीची, ६२२ किलोमीटर धावलेली. खालच्या आयोगांनी विक्रेत्याबरोबर कंपनीलाही जबाबदार धरले; परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सपुरता तो हुकूम रद्द केला. कंपनी आणि विक्रेता ह्यांचे नाते मालक-मुखत्याराचे नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आहे, आणि विक्रेत्याचे कृत्य कंपनीला ठाऊक होते असा नेमका आरोपच तक्रारीत नव्हता, हे त्याचे कारण. तात्पर्य, दुरुस्तीचा तंटा हा मुख्यतः ज्याने पाना हातात घेतला आणि ज्याने बिल फाडले त्याच्याशी असतो. कंपनीला पत्राची नक्कल धाडावी, कारण तिच्या धाकाने विक्रेता पुष्कळदा हलतो, पण सारी भिस्त तिच्यावर ठेवू नये.

दुसऱ्यांदा जॉबकार्ड निघाले तेव्हा मी चष्मा लावला आणि मजकूर मी सांगेन तसाच घ्यावा असा आग्रह धरला. तो तरुण अवघडला. “काका, सिस्टीममध्ये एवढं बसत नाही,” म्हणाला. मग छापील कार्डाच्या खाली, कोऱ्या जागेत, मी हाताने लिहिले: ‘अमुक तारखेच्या बिलात नव्या होज पाइपाची रक्कम घेतली आहे, गाडीवर जुना पाइप आढळला, तो फुटून इंजिन तापले. आजचे किलोमीटर इतके.’ दोन ओळी. त्याखाली त्याची सही घेतली व त्या कार्डाचा फोटो काढला. न्यायालयीन मराठीत आज ‘कैफियत’ म्हणजे प्रतिवादीचे उत्तर; पण जुन्या दप्तरांत जी कोणत्याही हकिगतीला कैफियत म्हणत, त्या अर्थाने ही माझी कैफियत, आणि पुढे जे काही झाले ते तिच्या जोरावर.

कारण पुढे जे झाले ते बरेचसे प्रतिकूल होते. गाडी उघडल्यावर हेड गॅसकेट गेले असल्याचे निष्पन्न झाले आणि ३८,००० रुपयांचे एस्टिमेट माझ्या हाती आले. गाडी तापलेली असताना तुम्ही चालविली, असा त्यावर शेरा. पैसे भरल्याखेरीज गेट पास नाही, हे सौजन्यपूर्वक सांगण्यात आले. इथे कायदा पूर्णपणे ग्राहकाच्या बाजूचा आहे असे समजू नये. दुरुस्तीला दिलेली वस्तू म्हणजे निक्षेप. हा विषय इतका प्राचीन आहे की मनूच्या अठरा व्यवहारपदांत तो ऋणादानाच्या लगोलग येतो आणि नारदाने कारागिराकडे कामासाठी दिलेल्या वस्तूलाही तोच नियम लागू केला आहे. आजच्या १८७२ च्या करार अधिनियमाचे १५१ वे कलम अशी वस्तू शहाण्या माणसाने स्वतःची जपावी तशी जपण्याचे बंधन कारागिरावर घालते. परंतु १७० वे कलम त्याला कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्कही देते. हा हक्क ठरल्याप्रमाणे केलेल्या कामापुरता आहे, न केलेल्या कामाला नाही. म्हणून अशा प्रसंगी काउंटरवर आवाज चढविण्यापेक्षा दोनच मार्ग शहाणपणाचे: काम सुरू करण्यास लेखी नकार देणे, अथवा गाडीवाचून अडतच असेल तर ‘हरकत कायम ठेवून’ असे पावतीवर लिहून पैसे भरणे आणि मग भांडणे. मी पहिला पत्करला.

दीड पानाचे पत्र लिहिले. त्यात विशेषणे नव्हती. तारखा, किलोमीटर, रकमा, फोटोंची यादी. मागणी तीन कलमी, म्हणजे हेडचे काम विनामूल्य, पाइपाची रक्कम परत, टोचे पैसे परत. मुदत पंधरा दिवस. आवकजावक पाहणाऱ्या बाईंनी शिक्का मारायला आढेवेढे घेतले, तेव्हा तेच पत्र टपालाने रजिस्टर करून धाडले आणि ई-मेलही केला. पत्राच्या अखेरीस एवढेच नमूद केले, की मुदतीत निकाल न लागल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन.

हा धाक पोकळ नसतो, हे पुष्कळांना माहीत नाही. पुण्यात बिंदुमाधव जोशी ह्यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही नव्हता; तो आला डिसेंबर १९८६ मध्ये, आणि २० जुलै २०२० पासून त्याची जागा २०१९ च्या नव्या अधिनियमाने घेतली. नव्या कायद्याने केलेली सर्वांत मोलाची सोय म्हणजे तक्रारदार जिथे राहतो वा पोटापाण्यासाठी काम करतो तिथल्या आयोगाकडे त्याला जाता येते. पुण्यात बिघडविलेल्या गाडीची फिर्याद सिडकोत राहणाऱ्याने इथेच करावी. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. पन्नास लाखांपर्यंत प्रकरण जिल्हा आयोगापुढेच चालते. वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार रुजू झाली पाहिजे. सामनेवाल्याला उत्तरासाठी तीस आणि फार तर आणखी पंधरा दिवस. त्यानंतर आलेली कैफियत घेता येत नाही, असे घटनापीठाने मार्च २०२० मध्ये निःसंदिग्ध सांगितले आहे. बिल न देणे ही नव्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे, तेव्हा ‘बिलाशिवाय स्वस्तात करून देतो’ म्हणणाऱ्याला नम्र नकार द्यावा. निकाल तीन महिन्यांत, तपासणीची गरज पडल्यास पाच महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात हे ज्याने एकदा त्या बाकावर बसून पाहिले आहे त्याला सांगायला नको. म्हणूनच आधी राष्ट्रीय हेल्पलाइनला, १९१५ ह्या क्रमांकावर, तक्रार नोंदवावी. तिच्याकडे हुकूम देण्याचा अधिकार नसला तरी कंपनीकडे विचारणा जाते, आणि पुष्कळ प्रकरणे तेवढ्यावर मिटतात.

माझे नवव्या दिवशी मिटले. स्वतः सर्व्हिस मॅनेजरांचा फोन आला, चहा झाला, पाइपाची नोंद ‘चुकून’ पडली असावी असे ते म्हणाले, आणि तो शब्द मी तसाच राहू दिला. हेडचे काम विनामूल्य, पाइपाचे आणि टोचे पैसे परत. मानसिक त्रासाचे मी काही मागितले नाही, ह्याबद्दल तो स्नेही अद्याप माझ्यावर रुष्ट आहे.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्या तरुणाने एक छापील चिठ्ठी पुढे केली: ‘कामाबाबत माझे पूर्ण समाधान झाले असून कोणतीही तक्रार उरलेली नाही.’ फुली मारलेली जागा दाखवून त्याने पेन दिले. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तो मजकूर खोडून खाली लिहिले, ‘गाडी मिळाली. हजार किलोमीटर चालवून पाहणे बाकी.’ त्याने ते वाचले, किंचित हसला, आणि न विचारता आत जाऊन एक वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू आणून डिकीत ठेवली. “काका, तुमचा जुना पाइप.”