कापडावरील छाप व त्यांचा संग्रह

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. तेथील यंत्रमागांवर चादरी व टॉवेल विणले जातात, त्यांच्या घड्या घातल्या जातात आणि घडीवर एक रंगीत कागद बसतो. त्यावर कारखान्याचें नांव, एखादें चित्र, माप व पत्ता हीं छापलेलीं असतात. गिऱ्हाईक चादर घरीं नेतें, घडी मोडतें आणि कागद केरांत टाकतें. चादर पुढें वर्षानुवर्षें वापरांत राहते. कागद मात्र पहिल्याच दिवशीं नाहींसा होतो. हा टाकाऊ कागद जपून ठेवणारे कांहीं छांदिष्ट लोक आहेत. त्यांचा उद्योग प्रथमदर्शनीं पोरखेळ वाटला, तरी ह्या कागदाचा पूर्वेतिहास पाहिल्यावर तसें म्हणवत नाहीं.

ह्या कागदाला व्यापारांत तिकीट, टीका किंवा छाप म्हणत. एकोणिसाव्या शतकांत मँचेस्टरचें कापड हिंदुस्थानांत येऊं लागलें, त्या वेळीं ठाणावरील अक्षरें वाचूं शकणारीं गिऱ्हाइकें थोडींच होतीं. म्हणून कंपन्यांनीं आपापल्या मालाला चित्रें नेमून दिलीं. कोणाचा हत्ती, कोणाचा वाघ, तर कोणाचे राम-सीता. चित्र ओळखीचें झालें कीं त्याच नांवानें माल मागितला जाई. चित्र हीच मालाची पत असल्यामुळें त्याची नक्कलही होई. इंग्लंडांत 1875 च्या कायद्यानें अशा छापांची नोंदणी सुरू झाली. हिंदुस्थानांत 1889 मध्यें मालावरील खोट्या चिन्हांना आळा घालणारा कायदा झाला; नोंदणीची सोय मात्र 1940 च्या कायद्यानें, 1942 पासून मिळाली. प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड वापरून शिळाछापावर काढलेलीं हीं चित्रें आज संग्रहालयांत मानानें ठेवलीं जातात. बंगळूर येथील म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी ह्या संस्थेनें 2025 सालीं त्यांचें प्रदर्शनच भरविलें.

परंतु मोठ्या कंपन्यांच्या छापांपेक्षां लहान कारखान्यांचे छाप अधिक दुर्मिळ असतात, आणि इतिहासाला त्यांची गरजही अधिक असते. सोलापुरांत मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकारानें सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली. लोक तिला जुनी मिल म्हणत. मागून लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू व जाम ह्या गिरण्या उभ्या राहिल्या. 1949 मध्यें जुनी मिल बंद पडली. 1950 च्या आरंभीं केंद्र सरकारनें वटहुकूम काढून तिचा कारभार हातीं घेतला, आणि त्यावरील दावे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यामुळें त्या गिरणीचें नांव कायद्याच्या ग्रंथांत कायमचें राहिलें. पण तेलंगणांतून आलेल्या ज्या पद्मशाली विणकरांनीं घरांत चार-दोन माग टाकून चादरीचा धंदा वाढविला, त्यांच्यापैकीं कित्येकांचीं नांवें कोणत्याच ग्रंथांत नाहींत. धंदा बसला, माग विकले गेले, कीं मागें उरतो तो घडीवरचा कागदच.

असाच अनुभव अमेरिकेंतील संग्राहकांचाही आहे. तेथें बेसबॉल खेळाडूंचीं चित्रें असलेले लहान पत्ते सिगारेटच्या व मिठाईच्या पुड्यांतून मिळत. सॅन फ्रान्सिस्कोची एक मिठाई कंपनी 1911 ते 1938 पर्यंत ‘झीनट’ नांवाचे पत्ते देत असे. त्यांवर राष्ट्रीय कीर्तीचे खेळाडू नसून पॅसिफिक किनाऱ्यावरील प्रांतिक संघांचे खेळाडू असत. पुढें जगप्रसिद्ध झालेला जो डिमॅजिओ तरुणपणीं ह्याच पत्त्यांवर झळकला. बहुतेक वर्षांच्या पत्त्यांच्या तळाशीं एक कुपन असे. तें कापून दिलें कीं बक्षीस मिळे. म्हणून मुलांनीं कुपनें कापलीं, आणि आतां अखंड पत्ता क्वचितच सांपडतो. कुपनावर मुदतीची तारीख असल्यामुळें कुपनाबरोबर पत्त्याच्या सालाचा पुरावाही गेला.

सोलापुरी छापाचें साल ठरवितांना हेंच ध्यानांत ठेवावें लागतें. चित्राभोंवतींचा मजकूर कापून टाकला, तर उरतें तें केवळ चित्र. गज किंवा यार्ड हें माप असेल, तर कागद बहुधा दशमान मापें रूढ होण्यापूर्वींचा, म्हणजे 1960 च्या आसपासचा किंवा त्याआधींचा असतो. औद्योगिक महामंडळ 1962 मध्यें स्थापन झालें. त्याचें नांव पत्त्यांत असल्यास कागद त्यापूर्वींचा असूं शकत नाहीं. पिन कोड 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाला. म्हणून 413006 हा अंक त्यानंतरचीच साक्ष देतो. भौगोलिक चिन्हांकनाचा कायदा 2003 मध्यें अमलांत आला. त्याचा उल्लेख असलेला कागद अगदीं अलीकडचा. मात्र कारखानदार जुना साठा संपेपर्यंत तेच कागद वापरतात. तेव्हां ह्या खुणांवरून छपाईचा काळ कळतो, विक्रीचें साल कळेलच असें नाहीं.

बाजारांत नकलाही येतात. भिंगाखालीं पाहिल्यास जुन्या शिळाछापाचे ठिपके दाणेदार व अनियमित दिसतात. अलीकडच्या यांत्रिक छपाईंत ते ओळीनें बसलेले दिसतात. खरा कागद मिळाल्यावर तो वहींत खळीनें डकवूं नये, चिकटपट्टी लावूं नये, प्लॅस्टिकमध्यें कायमचा बंदही करूं नये. आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, उजेड, ओल व कसर ह्यांपासून दूर ठेवावा. मागें कापडाचा तुकडा चिकटलेला असेल, तर तो सोडवूं नये. तो तुकडा हाही पुरावाच आहे.

ह्याहून महत्त्वाचें काम पेन्सिलीनें होतें. कागद कोठें व केव्हां मिळाला, तो कोणत्या मालावर होता, आणि कारखान्यासंबंधीं जुन्या कामगारानें काय सांगितलें, हें निराळ्या चिठ्ठीवर लिहून कागदाजवळ ठेवावें. शंभर सुंदर पण निनांवी छापांपेक्षां अशी चिठ्ठी जोडलेला एक साधा छाप अभ्यासकाच्या अधिक उपयोगीं पडतो. माग चालविलेलीं माणसें हयात आहेत तोंवरच अशी चिठ्ठी लिहितां येते. म्हणून ह्या संग्रहाचा आरंभ जुन्या बाजारांतूनच करावा असें नाहीं. अक्कलकोट रस्त्यावरून आज घरीं आलेल्या चादरीची घडी मोडतांना तो करतां येतो.