मुलगाच असं वागला तर?

मुलीला कसं जपावं हे वस्तीतल्या आईला दहा जणी सांगतात. मुलाविषयी कोणी बोलत नाही. पण लहान मुलांवर लैंगिक अत्याचार करणारा काही वेळा स्वतःच 13-14 वर्षांचा असतो. तोही बहुतेक ओळखीतलाच, मामेभाऊ किंवा शेजारचा दादा.

आधी एक फरक. चार-पाच वर्षांची दोन पोरं कुतूहलाने एकमेकांचं अंग बघतात, तो गुन्हा नव्हे. न ओरडता कपडे घालावेत, दुसऱ्या खेळात लावावं. मात्र वयात मोठं अंतर असेल, धाक किंवा खाऊचं आमिष असेल, 'कुणाला सांगू नको' असेल, तर ते कुतूहल राहिलं नाही.

दहा बाय दहाच्या खोलीत सगळे एका रांगेत झोपतात. वेगळी खोली कुठून आणणार? पण मोठा मुलगा एका कडेला, लहानगी दुसऱ्या कडेला, मध्ये आई किंवा आजी, एवढं जमतं. मोबाईल रात्री आईच्या उशाशी असावा. त्यावर जे दिसतं तेच पोरगा खरं धरतो, कारण घरात त्याला दुसरं कोणी सांगितलेलंच नसतं. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही, हे बापाने किंवा मामाने सांगावं. त्याच दमात हेही सांगावं की दुसऱ्याच्या अंगाला मर्जीशिवाय हात लावायचा नाही, आणि लहान मुलाचा होकार हा होकारच नसतो. 18 च्या आतल्या मुलीचा होकार कायदाही धरत नाही. प्रेमप्रकरणातली पोरंही पॉक्सोत अडकतात.

घडलंच, तर आधी लहान मूल. त्याचं म्हणणं खरं माना. 'तू गेलीसच का?' हा प्रश्न नको, घरातल्या प्रत्येकाने पुन्हा पुन्हा विचारणंही नको. नुकतंच घडलं असेल तर आंघोळ घालू नका, कपडे न धुता कागदी पिशवीत घ्या आणि दवाखाना गाठा. तक्रार नोंदली नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत, आणि खासगी दवाखान्यालाही ते मोफत द्यावे लागतात. एचआयव्ही टाळणारं औषध 72 तासांच्या आतच सुरू व्हावं लागतं, म्हणून 'उद्या बघू' नको. पाळी येणाऱ्या मुलीसाठी गर्भ टाळणारी गोळीही मागा. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची असते. पोलिसांनी मुलाचा जबाब साध्या कपड्यांत, घरी येऊन घेता येतो. तसं ठणकावून मागा. मदतीसाठी 1098.

मंडळाच्या बैठकीत माफी आणि पैसे देऊन मिटवणं आम्हाला मुळीच मान्य नाही. कायद्यालाही नाही: 2012 च्या पॉक्सो कायद्याने, ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

आता तो मुलगा. बाप पट्ट्याने फोडतो, मग रातोरात गावी धाडतो. गावात लहान मुलं नसतात का? दोघं एकाच घरातली असतील तर लहानगीला मावशीकडे पाठवू नका. तिला ती शिक्षाच वाटते. मोठ्याला हलवा, जिथे लहान मुलं नाहीत अशा घरी, आणि तिथल्या मोठ्या माणसांना कारण सांगून. त्याच्यासोबतही कुणी असं केलंय का, हे शांतपणे विचारा. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे 18 खालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. गुन्हा अतिगंभीर आणि वय 16 च्या वर असेल, तर खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा का, याचा विचार मंडळ करतं. मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. समुपदेशन मात्र सोडू नका. वेळेवर मदत मिळालेली बहुतेक मुलं पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

आणि वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव, फोटो, घर नंबर टाकू नका. तिचं तर नाहीच, त्याचंही नाही. दोघांचीही ओळख उघड करणं गुन्हा आहे.