आधी पाणी मोजायचं, मग मशीन उघडायचं

सकाळी ८
बॅग भरतो. स्पन (गाळ अडवणारा फिल्टर), कार्बन, एक ७५ जीपीडीचं मेम्ब्रेन, यूव्हीचा दिवा, ओ-रिंगा, टेफ्लॉन टेप, बाउल उघडायचा पाना. पाण्यातले विरघळलेले क्षार (टीडीएस) मोजणारा मीटर मात्र खिशात. पुण्यात घरोघरचे आरओ दुरुस्त करताना माझं सगळ्यांत जास्त काम याच मीटरवर चालतं.

सकाळी ९
वाघोली. सोसायटीला बोअर आणि टँकरचं पाणी. काकू म्हणाल्या, "दिवसभर घरघरतंय, पण टाकी भरत नाही. मेम्ब्रेन गेलं म्हणे." मोजलं. नळाचं पाणी ८४०, मेम्ब्रेनमधून येणारं ५०. म्हणजे मेम्ब्रेन ९४ टक्के क्षार अडवतंय, ते उत्तम आहे. बाउल उघडला तर पांढरा स्पन चिखलाने तपकिरी झालेला. पंपाला पाणीच पुरत नव्हतं. स्पन बदलला, बाउल घासला, आणि बारीक धार होती तिथे नीट धार लागली. टँकरच्या पाण्यावर स्पन दोन-तीन महिन्यांतही भरतो. तो वेळेवर बदलला तर महागडं मेम्ब्रेन वाचतं.

सकाळी ११
पुढच्या घरी आत ७००, बाहेर २१०. अशा वेळी आधी टीडीएस कंट्रोलर बंद करायचा. तो थोडं कच्चं पाणी गोड पाण्यात मिसळतो, त्यामुळे आकडा फसवा येतो. बंद करूनही २१०च आला, तेव्हा मेम्ब्रेन गेलं हे नक्की झालं. इथे टँकरच्या पाण्यात क्लोरिन घालतात आणि कार्बन फिल्टर दोन वर्षं बदललेला नव्हता. क्लोरिन मेम्ब्रेनचा पातळ थर खातो आणि त्याला अडवणं हे कार्बनचं काम. स्पन मळला की दिसतो. कार्बनची ताकद संपली तरी तो बाहेरून तसाच दिसतो, म्हणून त्याची तारीख लिहून ठेवावीच लागते. कार्बन आणि मेम्ब्रेन, दोन्ही बदलले. नव्या कार्बनचं काळं पाणी आधी सोडून दिलं, मग मेम्ब्रेन बसवलं. पहिली भरलेली टाकी प्यायची नाही, हे जाताना दोनदा सांगितलं.

दुपारी १
डबा खाल्ला आणि लगेच एका घरी टाकी धुवायला घेतली. फिल्टर बदलून घेणारे पुष्कळ, पण टाकी धुवा म्हणणारे थोडे. आरओमधून आलेल्या पाण्यात क्लोरिन उरत नाही, त्यामुळे साठवणीच्या टाकीत बुळबुळीत थर धरायला वेळ लागत नाही. प्लग काढायचा, कॉक बंद करायचा, टाकी रिकामी करायची. मऊ फडक्याने आतला थर पुसायचा. तारेची घासणी वापरली तर ओरखडे पडतात आणि त्यात पुन्हा बुळबुळ बसते. मग ब्लीचचं अगदी पातळ पाणी काही मिनिटं ठेवायचं आणि वास जाईपर्यंत खळखळून धुवायचं. ब्लीचचा एक थेंबही मेम्ब्रेनकडे जाता कामा नये. तोटी छोट्या ब्रशने आतून साफ करायची, कारण घरातल्या सगळ्यांचे हात तिलाच लागतात.

दुपारी ३:३०
सदाशिव पेठ. आजोबांना नवा आरओ हवा होता. पालिकेच्या नळाला मीटर लावला, आकडा शंभराच्या आत. खडकवासल्याचं पाणी मुळातच मऊ. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. म्हटलं, "आजोबा, इथे आरओ नको. स्पन, कार्बन आणि यूव्ही पुरे." मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो, जंतू त्याला कळत नाहीत, म्हणून यूव्ही लागतोच. त्याचा दिवा निळा दिसत राहिला तरी जंतू मारायची ताकद घटत जाते, तो साधारण वर्षाने बदलावा. आजोबांचा आरओचा खर्च वाचला, आणि त्यात रोज वाया जाणारं पाणीही.

संध्याकाळी ५:३०
परत वाघोलीकडे, एक गळकी नळी बदलायला. तिथे रिजेक्टची, म्हणजे आरओ टाकून देतो त्या पाण्याची, पाइप सरळ मोरीत. घरगुती आरओ एक लिटर देताना बरेचदा तीन लिटर सोडतो. बादली लावून दिली. हे पाणी फरशीला, संडासाला चालतं. पण ८००चं पाणी आत गेलं तर रिजेक्ट हजाराच्या पुढे जातं, म्हणून कुंड्यांना रोज घालू नका, असं सांगितलं.

संध्याकाळी ७
दिवसभर प्रत्येक मशीनवर जो कागद चिकटवला, तीच नोंद वहीत उतरवतो: तारीख, आतला टीडीएस, बाहेरचा टीडीएस, काय बदललं.

हा कागद तुम्हीही लावा. दोन-तीनशे रुपयांचा मीटर घ्या आणि महिन्यातून एकदा दोन्ही आकडे लिहा. कुणी मेम्ब्रेन बदला म्हणालं, तर त्यांना आधी हे आकडे दाखवा आणि स्पन तुमच्यासमोर उघडायला सांगा.